इस्त्रीचे दोन रुपये

कपड्यामागे दोन रुपये वाचवण्यासाठी मी साडेआठशे रुपयांची विजेची इस्त्री विकत आणली आणि पहिल्याच रविवारी तिने बायकोची माहेश्वरी साडी जाळली. साडी सासूबाईंनी दिलेली होती, हे मला जाळण्याआधी माहीत होतं आणि जाळल्यानंतर पुन्हा सविस्तर सांगण्यात आलं. मी तीस वर्षं इंदुरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, हेही इथेच सांगून टाकतो. नाहीतर पुढे दुसरं कुणीतरी सांगेल आणि ते जास्त लागेल.

स्नेहलतागंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुभेदारसाहेबांचं प्रेसचं, म्हणजे इस्त्रीचं, दुकान आहे. सुरकुतीचा इतका मनापासून द्वेष करणारा माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नसेल. आजोबा, वडील आणि स्वतः ते, अशा तीन पिढ्या फौजेत गेल्या. घर महूच्या छावणीजवळ. निवृत्तीनंतर लोक बागेत फिरतात, नातवंडं खेळवतात किंवा माझ्यासारखे दुसऱ्याला सल्ले देतात. सुभेदारसाहेबांनी कोळशाच्या दोन जाडजूड इस्त्र्या घेतल्या, एक लांबलचक टेबल घेतलं आणि इंदूर शहराच्या कपड्यांना शिस्त लावायला बसले. त्यांची मराठी महूची. तिच्यात अर्धी हिंदी, पाव इंग्रजी आणि उरलेल्या सगळ्या ऑर्डरी. आमचे पणजोबाही संस्थानच्या फौजेत होते, असं मी त्यांना पहिल्या भेटीत ऐटीत सांगितलं होतं. त्यांनी माझ्या शर्टाच्या कॉलरकडे बघत विचारलं, "कोणत्या लढाईत?" मी म्हटलं, लढाई अशी झाली नाही. "तभी," एवढंच म्हणून त्यांनी शर्ट उलटा केला.

कुठलाही कपडा त्यांच्या टेबलावर आला की तो रंगरूट होतो. आधी त्याची तपासणी. बटण तुटलेलं असेल तर इस्त्री नाही: "बिना बटनचा शर्ट परेडवर नाही जाणार." मग बटण लावलं जाई, त्याचे पैसे नाहीत. कॉलर विरली असेल तर ते शर्ट बाजूला ठेवून गंभीरपणे सांगत, "याची सर्व्हिस पूर्ण झाली, आता याला पेन्शन द्या." माझ्या एका निळ्या शर्टाला त्यांनी तीनदा पेन्शन दिली आणि मी त्याला तीनदा परत ड्यूटीवर आणला. पँटची घडी ते लाकडी पट्टीने मोजत. एकदा माझी पँट उजेडात धरून ते बराच वेळ कमरेची शिवण न्याहाळत राहिले आणि अत्यंत हळुवार आवाजात म्हणाले, "प्रोफेसरसाब, ही पँट तुम्हाला सोडून चाललीय." बनियान आणि रुमाल त्यांनी कधीच घेतले नाहीत. पण कुणाच्या घरी गमी, म्हणजे मयत, झाली असेल तर पांढरे कपडे रांग मोडून सगळ्यात आधी, आणि फुकट. मुलाखतीला निघालेल्या पोराचा शर्ट दोनदा इस्त्री होई. एकदा त्याच्या अंगावर घालण्याआधी, एकदा अंगावर घातल्यानंतर नुसत्या नजरेने.

दुकानात कामाला माणूस एकच, रेशमबाई. मानपूरहून रोज पहिल्या बसने यायची, संध्याकाळच्या बसने जायची. चाळिशीची, काटक आणि हाताला विलक्षण सफाई. सुभेदारसाहेब कडक कलफवाल्या, खळ घातलेल्या साड्यांना स्वतः हात लावत नसत, तिलाच देत. या एका माणसाची ते रोज सकाळी नऊला हजेरी घेत. हातात वही, चष्मा नाकावर, आणि समोर दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाईकडे न बघता ते पुकारा करत, "रेशमबाई!"

"हूं तो यां ई ऊबी हूं, साब," मी इथेच तर उभी आहे, असं ती माळवीत म्हणे.

"हाजिर बोला."

"हाजिर."

मग वहीत खूण, आणि "डिसमिस" म्हटल्यावर कामाला सुरुवात. तिचा पगार ते महिन्याच्या एक तारखेला, सरकारी मजुरीच्या दराने, सही घेऊन देत. या दराला आमच्याकडे सगळे कलेक्टर रेट म्हणतात. तो वाढला की आमच्या बाजारातल्या दुकानदारांना तेवढ्यापुरता बहिरेपणा येतो. ज्यांना येत नाही ते कागदावर पूर्ण रेट लिहून हातात जुनाच ठेवतात. सुभेदारसाहेबांचं उलट. गेल्या वर्षी रेट वाढल्याची बातमी आली त्या सकाळी त्यांनी हजेरीच्या वेळी पेपर उभा धरून ती रेशमबाईला मोठ्याने वाचून दाखवली. तिला समजेना म्हणून पुन्हा वाचली. मी दाढी न करता कपडे द्यायला गेलो होतो, तर मलाही सावधान उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानावर काळा फळा लागला. त्यावर खडूने, सुंदर अक्षरात: "सूचना. मजदूरी का सरकारी रेट बढ़ा है. प्रेस आठ की जगह दस रुपये नग. बढ़े हुए दो रुपये रेशमबाई के हैं, मेरे नहीं. आज्ञा से." हे सगळं खरं होतं आणि हीच तर पंचाईत होती. जो तो फळा वाचायचा आणि मग रेशमबाईकडे बघायचा. एका बाईंनी तर तिच्यासमोरच मुलीला सांगितलं, "यही है वो दो रुपये वाली." बिचारी त्या दिवसापासून पाठ फिरवून इस्त्री करायला लागली.

आता अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? दहा रुपये द्यावेत आणि घरी जावं. पण मी अर्थशास्त्राचा प्रोफेसर. टेबलावर कोपर टेकून मी व्याख्यान सुरू केलं. "सुभेदारसाहेब, मजुरी वाढली की किंमत वाढते. किंमत वाढली की मागणी घटते. मागणी घटली की मजुराचंच काम जातं. म्हणजे तुम्ही करायला गेलात भलं, आणि..."

"एक मिनिट," त्यांनी इस्त्री उभी केली. "ही मागणी कोण घटवतो?"

"ग्राहक."

"ग्राहक म्हणजे कोण?"

"म्हणजे... आम्हीच."

"मग तुम्ही नका ना घटवू."

तीस वर्षांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. उत्तर न सुचल्यामुळे मला राग आला, आणि रागाच्या भरात मी घरी येऊन गल्लीच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर एक संदेश लिहिला. लांबलचक. त्यात "ग्राहकांची एकजूट" हे शब्द होते, "तत्त्वाचा प्रश्न" हे शब्द होते आणि शेवटी "विचार करा" असंही होतं. निवृत्त झाल्यापासून माझं कुणी इतकं मन लावून वाचलं नव्हतं. पंधरा अंगठे आले. त्याच संध्याकाळी मी सेव घ्यायला गेलो. किलोमागे वीस रुपये वाढले होते. नमकीनवाला म्हणाला, "भिया, कारीगरों का रेट बढ़ गया." मी सहानुभूतीने मान हलवली, "हौ, सही है, उनका भी घर है," आणि अर्ध्याऐवजी एक किलो घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या लक्षातही आलं नाही. पिशवी मात्र जड लागली.

पुढच्या महिन्याभरात आमच्या गल्लीचं रूप पालटलं. काहींनी माझ्यासारख्या इस्त्र्या आणल्या. कुणी फक्त शर्ट द्यायला लागले, पँट घरच्या घरी गादीखाली दाबून ठेवू लागले, त्यामुळे वरून साहेब आणि खालून रात्रीच्या गाडीचे प्रवासी अशी माणसं सकाळी ऑफिसला निघालेली दिसत. कुणी बिनइस्त्रीचेच कपडे घालून "हीच फॅशन आहे" म्हणू लागले. मी सुरुवातीला दोन गल्ल्या पलीकडच्या सहा रुपयेवाल्याकडे गेलो. जायला-यायला स्कूटर, आणि परत आले ते कपडे सगळे माझेच होते असं म्हणवत नाही. म्हणून विजेची इस्त्री आणली. पहिला आठवडा रुमालांवर सराव केला, सुभेदारसाहेबांनी नाकारलेल्या त्याच रुमालांवर. मग आत्मविश्वास आला. रविवारी भाचीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. बायको आंघोळीला गेली होती. मी म्हटलं, तिला चकित करू.

चकित ती झालीच. साडीवर नावेच्या आकाराचा एक स्वच्छ, तपकिरी ठसा होता, आणि त्याच्या टोकाशी थोडा धूर. ओरडली नाही. पलंगाच्या कडेला बसली, साडीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही शिकवलेल्या पोरांचं पुढे काय झालं असेल हो?"

मी साडी पिशवीत घातली, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि सोमवारी सकाळी सुभेदारसाहेबांच्या दुकानाशी गेलो. महिन्याभरात प्रथमच. फळीवर जिथे गठ्ठ्यांची चळत असायची तिथे चार-पाच बारकी पुडकी होती. एकच इस्त्री पेटलेली. आत बोलणं चाललं होतं म्हणून मी बाहेरच थांबलो. मनात होतं की आपल्याबद्दल असेल. नव्हतं.

"साब, जूना रेट पे ई चलवा दो," रेशमबाई सांगत होती. "मैं सही कर दूंगी पूरे की. किसको क्या मालूम पड़ेगा?"

"मला पडेल."

"बाजूवाले सब ऐसा ही करते हैं."

"बाजूवाल्यांना आईने वेगळं सांगितलं असेल."

"दुकान बंद होगी तो मैं क्या करूंगी? मानपूर में कौन देगा इतना?"

सुभेदारसाहेबांनी मोजून झालेली घडी पट्टीने पुन्हा मोजली. एकच घडी त्यांना दोनदा मोजताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यात मुळीच मजा आली नाही. एवढ्यात त्यांनी मला पाहिलं. "या प्रोफेसरसाब. काय, तत्त्व संपलं?" म्हणजे ग्रुपवरचा संदेश त्यांच्यापर्यंत पोचला होता. अर्थात पोचला होता. पंधरा अंगठे काय गुपचूप उठतात?

मी खाली मान घालून स्टुलावर बसलो. त्यांनी रेशमबाईला चहा आणायला पाठवलं आणि पट्टीने टेबलावरचा नसलेला कोळसा झाडत बोलायला लागले. "दिवाळीपर्यंत बघीन. कपडे आले तर ठीक. नाही आले तर दुकान बंद, पण रेट कमी नाही होणार." मी म्हटलं, ती स्वतःच तर कमी घ्यायला तयार आहे. त्यावर त्यांनी फळीच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे बुद्धाच्या मूर्तीशेजारी पितळेची एक जुनी, बुटकी इस्त्री ठेवलेली असते. मला वाटायचं, शोभेची. "आई छावणीत साहेब लोकांच्या बंगल्यांवर कपडे करायची," ते म्हणाले. "महिना संपला की मागच्या दाराशी उभी राहायची. मेमसाब विचारायची, कितना हुआ? आई म्हणायची, जो ठीक लगे. कधी ठीक लागायचं, कधी नाही लागायचं. मी शेजारी उभा असायचो ना, मला समजायचं नाही की आई हिशेब का नाही सांगत. सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आली असती." मग पट्टी टेबलावर ठेवून म्हणाले, "रेट लिहिलेला असला ना, की माणसाला दुसऱ्याचं तोंड बघत उभं नाही राहावं लागत. ही म्हणते कमी चालेल. आई पण तेच म्हणायची."

 मी पिशवीतून पिशवी काढली आणि तिच्यातून साडी. सुभेदारसाहेबांनी ठसा पाहिला, टोपी असती तर काढली असती अशा चेहऱ्याने दोन क्षण उभे राहिले, आणि मग म्हणाले, "याला पेन्शन नाही, याला तर वीरगती आहे." रेशमबाई चहा घेऊन आली. तिने साडी खांद्यावरून पसरली, स्वतःच्या कमरेशी धरून निऱ्या घालून पाहिल्या आणि बोटाने ठशाची जागा दाखवली. जळकी पट्टी कापायची, काठ काठाला मिळवून जोडायचं, शिवण निऱ्यांच्या आत जाईल. "एक चुन्नट कम आएगी, बस." चार दिवसांनी साडी मिळाली. मी चष्मा लावून, चष्मा काढून, उजेडात नेऊन जोड शोधला. बायकोने बोट ठेवून दाखवल्यावर सापडला. दुसऱ्या दिवशी मी रेशमबाईला विचारलं, एवढं बारीक काम, वेळ कसा मिळाला?

"टेम तो घणोई है, साब," ती सहज म्हणाली. "कपड़ा कां है?"

वेळ भरपूर आहे, कपडे कुठे आहेत. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी टोमण्यांना सरावलेला आहे.

घरी येऊन मी ग्रुपवर दुसरा संदेश लिहिला. माफीचा. तोही लांबलचक झाला, कारण माफीतही मला मुद्दे क्रमाने मांडायची खोड आहे. तीन अंगठे आले, त्यातला एक माझ्या मुलीचा, पुण्याहून. तेव्हा बायकोने माझ्या हातातून मोबाईल घेतला. साडी दुरुस्तीला जाण्यापूर्वी तिने पुरावा म्हणून जळक्या ठशाचा फोटो काढून ठेवला होता. तो तिने ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "यांनी दोन रुपये वाचवले. जोडून दिली रेशमबाईंनी." बास. चार शब्द आणि तीन शब्द. गल्लीत रात्रीपर्यंत दुसरा विषय नव्हता.

आणि मग जे झालं ते कुठल्याही पुस्तकात मी शिकवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाशी एक गृहस्थ घुटमळताना दिसले, हातात पिशवी, पिशवीत पिशवी. मुलाच्या शाळेच्या पँटला भोक. त्यानंतर एक बाई आल्या, रेशमबाईला "दो रुपये वाली" म्हणणाऱ्या त्याच; त्यांच्या नवऱ्याच्या सफारीच्या पाठीवर माझ्यासारखीच नाव उमटली होती. पोलकं, दुपट्टा, जावयाचा झब्बा. ज्या घराने विजेची इस्त्री आणली होती त्या प्रत्येक घरात काही ना काही जळून लपवलेलं होतं, आणि आता माझ्या बायकोच्या धीटपणामुळे ते बाहेर यायला लागलं. रेशमबाई रफू करत होती, जोडत होती, ठिगळ अशा जागी नेत होती की ते मुद्दाम लावलेलं वाटावं. सुभेदारसाहेबांनी फळा पुसून नवा लिहिला. प्रेस दहा रुपये होतीच. खाली रफूचे दर आले, लहान भोक, मोठं भोक, आणि "इस्त्री का पूरा ठप्पा" असा एक स्वतंत्र दर, जो बायकोच्या मते माझ्या सन्मानार्थ आहे. दोन रुपये कुणाचे, ती ओळ मात्र त्यांनी गाळली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जवानाचं नाव बाहेर बोर्डावर नाही लिहीत. चूक झाली माझी." मग खडू खाली ठेवून, "ती पाठ फिरवून उभी राहायची. मला उशिरा दिसलं."

दिवाळी झाली, दुकान आहे. सगळी घरं परतली असं नाही. गादीखालची पँट अजून गादीखालीच आहे, फॅशनवाले फॅशनमध्येच आहेत, आणि फळीवरची चळत पूर्वीच्या निम्म्याहून थोडी वर येते. रेशमबाईला पूर्ण रेट मिळतो, एक तारखेला, सही घेऊन. त्यात रफूचे किती आणि सुभेदारसाहेबांच्या पेन्शनीतले किती, हे विचारायची माझी हिंमत नाही. त्यांचा स्वतःचा कोट हल्ली कोपरांवर विरलाय आणि त्याला ते पेन्शन देत नाहीत. कधीकधी दुपारी स्टुलावर त्यांचा डोळा लागतो. मग रेशमबाई इस्त्री टेबलावर आपटत नाही, अलगद टेकवते, आणि गिऱ्हाईक आलं तर ओठांवर बोट ठेवते. सकाळी नऊला मी मुद्दाम त्या बाजूने फिरायला जातो. हजेरी अजून होते. "हाजिर" ऐकलं की मलाही जरा बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात माझ्या मनाने घेतलं की आपण काहीतरी प्रायश्चित्त करावं. ती साडेआठशेची इस्त्री मी नीट पुसली, खोक्यात घातली, वर रिबीन बांधली आणि दुकानात नेऊन टेबलावर ठेवली. म्हटलं, "सुभेदारसाहेब, ही दुकानाला भेट. आमच्याकडे आता हिचं काही काम नाही, यापुढे एकूण एक कपडा तुमच्याकडेच."

त्यांनी खोकं उघडलं, इस्त्री बाहेर काढली, तळाला चिकटलेला माहेश्वरीचा काळा डाग नखाने खरवडून पाहिला आणि पुन्हा खोक्यात घालून खोकं माझ्याकडे सरकवलं.

"परत घेऊन जा, प्रोफेसरसाब," ते म्हणाले. "तुम्ही घरी इस्त्री करत राहा. तुमच्यासारखे चार जण टिकले, तरच रेशमबाईचा पगार निघेल."